मुलांच्या ग्रंथाभिप्रायाचे व्याकरण

मराठी समीक्षेत बालवाचक हा बहुधा अनुपस्थित पक्षकार असतो. मुलांना काय रुचेल, काय झेपेल, त्यांच्या हाती काय द्यावे आणि काय देऊ नये ह्यांविषयी बालसाहित्याचे अभ्यासक पुष्कळ लिहितात. परंतु पुस्तक वाचून झाल्यावर खुद्द मूल काय म्हणते, आणि ते ज्या वाक्यांतून म्हणते ती वाक्ये कशी घडलेली असतात, ह्याचा विचार सहसा होत नाही. झालाच तर तो प्रश्नावलीच्या साहाय्याने होतो : पुस्तक आवडले किंवा नाही, का आवडले, कोणते पात्र आवडले. उत्तरांची शेकडेवारी काढली की काम संपते. ह्या पद्धतीमागे एक गृहीत आहे. मत म्हणजे विशेषण, आणि मुलाजवळ विशेषणे थोडी, तेव्हा त्याचे मतही तोकडेच असणार, असे ते गृहीत होय. ते कितपत टिकते हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

'पुस्तक कसे वाटले?' ह्या प्रश्नाला आठ-दहा वर्षांच्या मराठी मुलाकडून साधारणपणे तीन प्रकारची उत्तरे येतात. पहिले एका शब्दाचे : 'छान', 'मस्त', 'भारी', 'बोअर'. दुसरे लांबलचक असते. मूल मत सांगण्याऐवजी गोष्टच सांगू लागते, आणि 'अरे, गोष्ट नको, मत सांग' असे म्हणून त्याला थांबवावे लागते. तिसरे उत्तर 'ह्या पुस्तकातून मला अमुक शिकायला मिळाले' असे असते. वर्गात पहिले उत्तर अपुरे, दुसरे विषयांतराचे आणि तिसरे उत्तम समजले जाते. भाषेच्या दृष्टीने पाहता हा क्रम जवळजवळ उलटा लावावा लागेल. तिसऱ्या वाक्यात मुलाचे स्वतःचे असे फारसे काहीच नसते; ते वाक्य पुस्तक न उघडताही लिहिता येते, आणि पुष्कळदा तसे लिहिलेही जाते.

ह्या तिसऱ्या वाक्याला मराठीत मोठी परंपरा आहे. मराठीतील छापील बालवाङ्मयाचा आरंभच मुळी नीतिकथांच्या भाषांतराने झाला. तंजावरला सरफोजी राजांच्या मुद्रणालयातून एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इसापच्या कथा 'बालबोध मुक्तावली' ह्या नावाने निघाल्या. १८२८ मध्ये सदाशिव काशीनाथ छत्रे ह्यांची 'इसपनीतिकथा' आली. विनायक कोंडदेव ओक ह्यांनी १८८१ मध्ये मुलांसाठी जे मासिक काढले त्याचे नाव 'बालबोध', आणि १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे ह्यांनी काढले त्याचे नाव 'आनंद'. नावांतील हा बदल बोलका आहे. परंतु त्यामुळे शाळेच्या फळ्यावरून 'तात्पर्य' हा शब्द पुसला गेला असे मात्र झाले नाही. कथेखाली तात्पर्य छापलेले असले म्हणजे वाचकाने मत देण्याचे कारण उरत नाही, कारण मत आधीच देऊन झालेले असते. आय. ए. रिचर्ड्स ह्यांनी 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' (१९२९) ह्या ग्रंथात केंब्रिज येथील विद्यार्थ्यांपुढे कवींची नावे काढून टाकलेल्या कविता ठेवल्या, तेव्हा सुशिक्षित प्रौढ वाचकही कवितेला प्रतिसाद न देता मनात तयार असलेल्या ठरीव प्रतिसादाकडे धाव घेतात असे त्यांना आढळले. 'शिकायला मिळाले' हे वाक्य ह्याच जातीचे आहे. फरक इतकाच की मुलांमध्ये ही सवय शाळा स्वतः रुजवते आणि तिला गुणही देते.

दुसऱ्या उत्तराचा, म्हणजे गोष्ट पुन्हा सांगण्याचा, प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण तेथे विरोधी पक्ष केवळ शाळेचा नाही. आर्थर ॲपलबी ह्यांचा 'द चाइल्ड्ज कन्सेप्ट ऑफ स्टोरी' (१९७८) हा ग्रंथ ह्या क्षेत्रातला महत्त्वाचा ग्रंथ मानला जातो, आणि तो मान योग्यच आहे. दोन ते सतरा ह्या वयातील मुलांच्या कथाविषयक कल्पना त्यात तपासल्या आहेत. पियाजे ह्यांच्या बौद्धिक विकासाच्या अवस्थांना अनुसरून मुलांच्या प्रतिसादांची एक चढती शिडी ॲपलबी मांडतात : आधी पुनर्कथन, मग सारांश आणि वर्गीकरण, आणि पौगंडावस्थेत विश्लेषण व सामान्यीकरण. लहान मूल गोष्ट पुन्हा सांगते, कारण गोष्टीपासून दूर होऊन तिच्याविषयी बोलणे त्याला अजून साधलेले नसते, असा ह्याचा अर्थ होतो. शिडीची कल्पना शिक्षकांना फार सोयीची वाटते. मात्र ती प्रतिसादाचा बाह्य आकार मोजते. त्या आकारात कोणता निर्णय सामावला आहे हे तिला दिसत नाही. ज्या भाषेत निर्णय क्रियापदाच्या पोटात शिरतो त्या भाषेच्या बाबतीत तर ही उणीव विशेष जाणवते. मराठी ही अशी भाषा आहे.

प्रथम साध्या अभिप्रायाकडे पाहावे. 'मला गोष्ट आवडली' ह्या वाक्याचा कर्ता कोण, हा शालेय व्याकरणातला एक खोडकर प्रश्न आहे. आवडणारा कोण, असे विचारून कर्ता शोधण्याची रीत मुलांना शिकवतात, आणि त्या रीतीने उत्तर 'गोष्ट' असे येते. आवडण्याची क्रिया जणू गोष्ट करते; 'मला' हे रूप चतुर्थीचे. आधुनिक भाषाविज्ञान ह्या चतुर्थ्यंत पदाला अनुभवक कर्ता मानते, आणि 'मला आपलं पुस्तक आवडतं' ह्यासारख्या वाक्यात 'आपलं' हे पद 'मला' ह्याच्याशी जोडले जाते हा त्याचा एक पुरावा आहे. वाद कसाही सुटो, क्रियापदाचे लिंगवचन ठरते ते गोष्टीवरून. 'मी गोष्ट वाचली' ह्या वाक्यातही तेच होते, कारण प्रयोग कर्मणी. कंटाळा येतो, रडू येते, भीती वाटते, मजा येते, गंमत वाटते : वाचनानुभवाची बहुतेक सर्व वाक्ये मराठी मूल चतुर्थीत बोलते. वाचणारा येथे काही करीत नाही, त्याला काही होते. ह्यावरून मराठी मूल इंग्रज मुलाहून निष्क्रिय वाचक आहे असा निष्कर्ष काढणे हास्यास्पद होईल. भाषा विचाराला इतकी वेठीस धरीत नाही.

ह्या रचनेचा परिणाम अधिक मर्यादित, पण खरा आहे. 'मला आवडलं' ह्या विधानाचे खंडन करता येत नाही. 'तुला नाही आवडलं' असे कोणी कोणाला म्हणू शकत नाही. 'पुस्तक भारी आहे' हे विधान मात्र प्रथमेत येते, पुस्तकाविषयी दावा करते आणि म्हणून त्याला 'छे, काही भारी नाही' असे उत्तर मिळू शकते. दोन मुलांमध्ये पुस्तकावरून जो वाद होतो तो ह्या दुसऱ्या प्रकारच्या वाक्यावर होतो. तेव्हा एका शब्दाच्या ज्या उत्तराला वर्गात अपुरे समजतात ते चर्चेचे पहिले पाऊल असू शकते. 'का आवडले ते सांग' म्हणून मुलाला पुन्हा चतुर्थीकडे वळवले की वादाची जागाच नाहीशी होते.

खरे मत मात्र पुनर्कथनात सापडते. साने गुरुजींच्या 'श्यामची आई' (१९३५) ह्या पुस्तकातील पोहण्याचा प्रसंग उदाहरणादाखल घ्यावा. पाण्याला भिऊन लपून बसलेल्या श्यामला आई मारून पोहायला पाठवते, एवढी घटना. ती सांगताना एखादे मूल 'आईने त्याला मारून पाठवलं' असे म्हणेल, दुसरे 'आई त्याला मारत सुटली' असे म्हणेल, तिसरे 'तिने त्याला चक्क मारलं' असे म्हणेल. घटना तीच आहे. पहिल्या वाक्यात मारणे हे पाठवण्याचे साधन ठरले आणि आईचे समर्थन झाले. दुसऱ्यात 'सुटणे' ह्या सहायक क्रियापदाने आईचा तोल गेला असा आरोप केला. तिसऱ्यात 'चक्क' ह्या एका अव्ययाने आश्चर्य नोंदवले गेले : ज्या आईकडून ही अपेक्षा नव्हती तिने हे केले. पुस्तकाचा स्वतःचा कल कोणीकडे आहे हे सर्वांना ठाऊक आहे. दुसरे वाक्य बोलणारे मूल त्या कलाच्या विरुद्ध उभे राहिलेले आहे, आणि आपण विरुद्ध उभे आहोत ह्याची त्याला स्वतःला जाणीवही नसेल. त्याला 'तुझे मत काय' असे विचारले तर ते बहुधा 'आईचं ऐकावं' असेच सांगेल.

संयुक्त क्रियापदांची ही शक्ती मराठी व्याकरणात नोंदलेली आहे, पण वाङ्मयीन प्रतिसादाच्या अभ्यासात तिचा उपयोग केला गेलेला नाही. गोष्टीतल्या मुलाने गुरुजींना खरे सांगितले, असे समजा. 'त्याने खरं सांगितलं' हे तटस्थ. 'त्याने खरं सांगून टाकलं' म्हटले की ओझे उतरल्याचा सुस्कारा ऐकू येतो. 'तो खरं सांगून बसला' ह्यात आता निस्तरावे लागणार ही काळजी आहे आणि थोडी नापसंतीही. 'सांगून मोकळा झाला' ह्यात त्याने दुसऱ्यांचा विचार केला नाही असा ठपका. चार वाक्ये, एकाच कृतीवरचे चार निवाडे, आणि ह्यांतील एकातही विशेषण नाही. इंग्रजीत असे साधन अगदीच नाही असे नव्हे. परंतु तेथे हा भार पुष्कळसा स्वराघात आणि क्रियाविशेषणे उचलतात. हिंदीच्या मानाने मराठीत संयुक्त क्रियापदे कमी वापरली जातात, ही गोष्टही येथे लक्षात घेण्याजोगी आहे. जे कमी येते ते आले म्हणजे अर्थाने अधिक भरलेले असते.

ह्या युक्तिवादाविरुद्ध सर्वांत वजनदार आक्षेप ज्यांच्या सिद्धांतावर तो उभा आहे त्यांच्याच लेखनात सापडतो. विल्यम लबाव्ह आणि जोशुआ वालेट्स्की ह्यांनी १९६७ मध्ये मौखिक निवेदनाच्या विश्लेषणात 'मूल्यांकन' ही संकल्पना आणली : 'मग काय झालं त्याचं?' ह्या श्रोत्याच्या संभाव्य प्रश्नाला निवेदक आधीच जे उत्तर देऊन ठेवतो ते मूल्यांकन. पण १९७२ मध्ये लबाव्ह ह्यांनीच दाखवले की स्वतःवर गुदरलेल्या प्रसंगाची हकीकत मूल्यांकनाने भरलेली असते, तर दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या कथेची हकीकत मुले कोरडी, केवळ घटनांची माळ म्हणून सांगतात. पुस्तकातली गोष्टही परक्याचाच अनुभव, तेव्हा तिचे पुनर्कथनही कोरडेच असायला हवे, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप झटकून टाकता येण्यासारखा नाही. 'मग तो गेला, मग तो आला, मग झोपला' अशी एका चालीत सांगितलेली गोष्ट प्रत्येक शिक्षकाने ऐकलेली असते, आणि तीत मत आहे असा आग्रह धरणे म्हणजे अभ्यासकाने आपले मत मुलाच्या तोंडी घालणे होय. परंतु म्हणूनच दोन पुनर्कथनांत भेद करणे आवश्यक ठरते. ॲपलबी ह्यांच्या शिडीवर कोरडे आणि भरलेले ही दोन्ही पुनर्कथने एकाच पायरीवर बसतात. एकाच मुलाच्या एकाच कथनातही काही घटना कोरड्या असतात आणि अचानक एका ठिकाणी 'उगाच', 'नुसता', 'तरीही', 'शेवटी एकदाचा' अशी अव्यये गर्दी करतात. ती जागा म्हणजे त्या मुलाच्या दृष्टीने पुस्तकाचा गाभा. मुलाने काय गाळले हेही ह्याच दृष्टीने पाहिले पाहिजे. दोन पानांचे सूर्यास्ताचे वर्णन ज्याने एका श्वासात ओलांडले त्याने लेखकाला जे सांगायचे ते सांगितलेलेच आहे.

लबाव्ह ह्यांनी मूल्यांकनाच्या साधनांत नकार, प्रश्न आणि भविष्यवाचक रूपे ह्यांची एकत्र गणना केली, कारण ही सर्व रूपे जे घडले नाही त्याची घडलेल्याशी तुलना करतात. मराठीतील संकेतार्थ त्यात सहज बसतो. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेची एखादी साहसकथा सांगता सांगता मूल मध्येच म्हणते, 'त्याने आधीच पोलिसांना सांगितलं असतं तर हे काही झालंच नसतं.' संविधानकाच्या घडणीवर ह्याहून नेमकी टीका प्रौढ समीक्षकालाही सुचणे कठीण. साहसकथेला नायकाचे मौन लागते, ते मौन पुरेसे सकारण आहे की नाही, हा तर त्या प्रकाराचा मध्यवर्ती तांत्रिक प्रश्न. आणि मुलाने तो 'असतं तर' ह्या दोन शब्दांत उपस्थित केला. ह्याला पियाजेप्रणीत शिडीवर कोठे बसवायचे? आकाराने हे कथनाचेच एक वाक्य आहे.

आणखी एक शब्द सविस्तर विचाराला पात्र आहे. तो शब्द 'काहीही!' असा आहे. हेल काढून, बहुधा 'हं' जोडून उच्चारलेला. कोशात तो सर्वनाम आहे, मुलांच्या बोलण्यात ते एक पूर्ण वाक्य असते. त्याचा अर्थ 'हे शक्य नाही' असा होतो, पण ते म्हणणारे मूल बहुतेक वेळा हसत असते आणि पुस्तक खाली ठेवीत नाही. नकार आणि आस्वाद एकाच शब्दात आहेत. कर्नेई चुकोव्स्की ह्यांनी 'दोन ते पाच' ह्या ग्रंथात १९२९ सालचा क्रिमियातील आलुप्का येथील प्रसंग सांगितला आहे. तेथील आजारी मुलांना ते मुनखाउझेनच्या अचाट कथा वाचून दाखवीत असता तेथल्या एका शिक्षिकेने आक्षेप घेतला. मुलांना अशा खोट्या गोष्टी सांगू नयेत, उपयुक्त वास्तव सांगावे, असे तिचे म्हणणे. चुकोव्स्की ह्यांचे उत्तर असे की मुले हसतात ती वास्तव त्यांना ठाऊक असते म्हणूनच. प्रत्येक थापेगणिक ती आपल्या ज्ञानाची खात्री करून घेतात. त्या शिक्षिकेला मुलांचा आरडाओरडा ऐकू आला, त्यातले मत ऐकू आले नाही. 'काहीही!' हे उत्तर प्रश्नावलीत कोठल्या रकान्यात पडेल? 'आवडले' मध्येही नाही आणि 'आवडले नाही' मध्येही नाही. 'म्हणे' ह्या अव्ययाचे असेच आहे. 'राजा म्हणे रोज एक हत्ती खायचा' असे सांगणारे मूल कथेची जबाबदारी कथेवर सोडून देते. वास्तव आणि कल्पित ह्यांचा भेद मुलाला समजतो किंवा नाही ह्यावर मानसशास्त्रज्ञांनी बरेच प्रयोग केले आहेत. मराठी अभ्यासकाला निदान सुरुवातीला 'म्हणे' मोजता येईल.

प्रश्न विचारण्याच्या रीतीविषयी इंग्लंडमधील एडन चेंबर्स ह्यांचे कार्य उल्लेखनीय आहे. 'टेल मी' (१९९३) ह्या पुस्तकात मुलांशी पुस्तकांविषयी कसे बोलावे ह्याची जी पद्धत त्यांनी दिली, तीत 'का?' हा प्रश्न टाळलेला आहे. त्याच्या जागी 'सांग मला' हे आर्जव येते, आणि काय आवडले, काय आवडले नाही, काय कळले नाही, कशाशी काय जुळले अशा चार दिशांनी संभाषण चालते. इंग्रजी मुलाला 'का' धमकीसारखा वाटतो. मराठी मुलाला तो परीक्षेसारखा वाटतो, कारण 'कारणे द्या' हा त्याच्या ओळखीचा प्रश्नप्रकार आहे आणि त्याचे उत्तर 'कारण' ह्या शब्दानेच सुरू करायचे असते. ह्या बाबतीत मराठीला एक सोय जन्मतःच लाभलेली आहे. 'सांगणे' हे एकच क्रियापद गोष्टीलाही चालते आणि मतालाही : गोष्ट सांग, तुझे मत सांग. ह्या दोहोंमध्ये भाषेने भिंत घातलेली नाही, ती वर्गाने घातली. चेंबर्स ह्यांच्या पद्धतीतही एक दुबळी जागा आहे. मोठ्या माणसाने चालवलेले संभाषण कितीही सौम्य असले तरी ते चालवलेलेच असते, आणि तिसरीतल्या मुलांनाही विचारणाऱ्याला काय ऐकायचे आहे ह्याचा वास लवकर लागतो.

लेखी अभिप्रायाची स्थिती तर शोचनीय आहे. २०१५ पासून महाराष्ट्रात १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम ह्यांचा जन्मदिवस 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो. त्यामागचा हेतू चांगला आहे, आणि त्या निमित्ताने मुलांच्या हाती पुस्तक येते हेही खरे. पण पुस्तकाचा परिचय लिहायला बसलेले मूल 'आवडलं' चे 'आवडले' करते तेव्हा केवळ अनुस्वार जात नाही. त्याबरोबर 'चक्क' जाते, 'म्हणे' जाते, 'सांगून बसला' चे 'सांगितले' होते, आणि 'लेखकाने सुंदर वर्णन केले आहे' हे कोणाचेच नसलेले वाक्य येते. ज्याच्या घरी वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी बोलली जाते त्या मुलाचे नुकसान दुप्पट असते. मत ज्या क्रियापदांत राहत होते ती क्रियापदेच त्याला दाराबाहेर ठेवावी लागतात. बालसाहित्यावरील प्रबंधासाठी शाळांतून लेखी अभिप्राय गोळा करणाऱ्या संशोधकाच्या हाती त्यामुळे प्रमाणभाषेच्या अध्यापनाचा पुरावा लागतो. वाचनाचा पुरावा वर्गाबाहेर, ध्वनिमुद्रणात शोधावा लागेल. त्याचे लिप्यंतर करतानाही भाषा 'शुद्ध' करण्याचा मोह आवरावा लागेल, कारण सफाईत पहिल्यांदा जाते ते अव्यय.

मुले आपापसांत पुस्तकाची देवघेव करतात तेव्हा अभिप्राय किती थोडक्यात दिला जातो हे पाहण्यासारखे असते. तेथे पुनर्कथनालाही बंदी असते : 'पुढचं सांगू नको हं!' ह्या मनाईत पुस्तकाचा रस कशात आहे ह्याचे निदान झालेले असते. ज्या पुस्तकाचा शेवट आधी कळून काही बिघडत नाही त्याच्या बाबतीत अशी मनाई कोणी करीत नाही. शिफारस आज्ञार्थात येते, आणि आज्ञार्थालाही प्रती असतात. 'वाचून बघ' म्हणजे मला खात्री नाही, तुझे तू ठरव. 'वाचून टाक' म्हणजे फार वेळ घालवण्यासारखे त्यात नाही, आणि पुस्तक परतही करायचे आहे. 'वाचच' म्हटले की मात्र पुस्तक आधीच दुसऱ्याच्या हातात दिलेले असते.